ब्रिटिश इतिहासाची वळणे: राज्याची तिजोरी कोणाच्या संमतीने उघडते?

विचारलेला प्रश्न असा आहे : ब्रिटनच्या इतिहासातील निर्णायक वळणे कोणती, त्यांतून एकच निवडायचे झाल्यास कोणते निवडावे, आणि पाठ्यपुस्तकांत १०६६, १२१५, १५८८, १६८८, १८३२, १९४५ हीच वर्षे पुन्हापुन्हा का येतात? ब्रिटनचा घटनात्मक इतिहास पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना दीर्घकाळ शिकवत असल्यामुळे या यादीशी माझा रोजचा संबंध आहे. यादी चुकीची नाही, परंतु ती लढाया आणि राज्यारोहणे यांच्या आधाराने तयार झालेली आहे. एखाद्या घटनेनंतर पूर्वीच्या पद्धतीने राज्य करणे अशक्य झाले की नाही, ही कसोटी लावली तर यादीतील काही वर्षे मागे पडतात आणि ज्यांची नावेही कोणी घेत नाही अशी काही पुढे येतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ब्रिटनच्या इतिहासातील बहुतेक खरी वळणे एकाच प्रश्नाभोवती घडली आहेत : राज्य चालवायला आणि युद्ध लढायला लागणारा पैसा कोणाच्या संमतीने उभा राहणार? एकच वर्ष निवडायचे असेल तर मी १६९४ निवडतो. त्याची कारणे समजण्यासाठी मात्र बरेच मागे जावे लागते.

१०६६ पासून सुरुवात करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. त्या वर्षी ६ जानेवारीला हॅरल्ड गॉडविन्सनचा राज्याभिषेक झाला, २५ सप्टेंबरला त्याने उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिज येथे नॉर्वेच्या राजाचा पराभव केला, १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्ज येथे तो स्वतः मारला गेला आणि नाताळच्या दिवशी नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम वेस्टमिन्स्टरमध्ये राजा झाला. पुढील वीस वर्षांत इंग्रज सरदारवर्ग जवळजवळ संपूर्णपणे जमिनींवरून हटवला गेला. १०८६ मध्ये डूम्सडे नावाची प्रसिद्ध जमीनपाहणी झाली तेव्हा राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्या मोठ्या सरदारांत इंग्रज नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि उत्तरेकडील बंड मोडताना १०६९-७० च्या हिवाळ्यात गावेच्या गावे उजाड करण्यात आली. परंतु विल्यमने एक गोष्ट मोडली नाही. जमिनीच्या मोजमापावर आधारलेली देशव्यापी करआकारणी इंग्लंडमध्ये त्याच्या आधीपासून चालत होती, आणि ती त्याने जशीच्या तशी उचलली. युरोपातील फारच थोड्या राजांकडे त्या काळी असे साधन होते. इंग्लंडचा राजा प्रजेकडून पुष्कळ पैसा काढू शकत असे, आणि म्हणूनच त्याला अडवण्याची गरजही तिथे लवकर निर्माण झाली.

आता १२१५ कडे येऊ. राजा जॉनने १२०४ मध्ये नॉर्मंडी गमावली. ती परत मिळवण्यासाठी त्याने दहा वर्षे सरदारांकडून लष्करी सेवेच्या बदल्यात द्यावयाची रक्कम, वारसाहक्काचे शुल्क आणि दंड या मार्गांनी पैसा गोळा केला, आणि जुलै १२१४ मध्ये बूव्हीन येथे त्याच्या मित्रसैन्यांचा पराभव झाल्याने तो सगळा वाया गेला. पुढच्याच वर्षी, १५ जून १२१५ रोजी, टेम्सकाठी रनिमीड येथे त्याला मॅग्ना कार्टाला मान्यता द्यावी लागली. आज या सनदेची ३९ आणि ४० ही कलमे सर्वांना ठाऊक असतात, कारण कायदेशीर निर्णयाशिवाय कोणाला कैद करू नये आणि न्याय विकू नये किंवा नाकारू नये हे त्यांत सांगितले आहे. माझ्या दृष्टीने १२ वे कलम अधिक महत्त्वाचे आहे. राजाची सुटका, थोरल्या मुलाला शूरवीराचा किताब आणि थोरल्या मुलीचे पहिले लग्न हे तीन प्रसंग सोडले, तर राज्याच्या सामाईक सल्ल्याशिवाय अशा रकमा वसूल करता येणार नाहीत, असे ते कलम सांगते.

मात्र ती सनद जेमतेम दहा आठवडे टिकली. पोप तिसरा इनोसंट याने ऑगस्टमध्ये ती रद्द ठरवली, युद्ध सुरू झाले आणि १२१६ च्या ऑक्टोबरात जॉन मेला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाने सनद पुन्हा जारी झाली तेव्हा त्यातून नेमके ते १२ वे कलम वगळलेले होते. त्यामुळे विद्यार्थ्यांना मी १२१५ च्या जोडीला १२२५ हे वर्ष आवर्जून लक्षात ठेवायला सांगतो. फ्रान्सच्या राजाने प्वातू घेतले होते, इंग्लंडच्या राजाचा फ्रान्समधील गॅस्कनी हा मुलूख धोक्यात होता आणि तरुण तिसऱ्या हेन्रीला पैसा हवा होता. राज्यातील सर्वांनी आपल्या जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात राजाने सनद स्वखुशीने पुन्हा द्यावी, असा करार झाला आणि तो सनदेच्या मजकुरातच नोंदवला गेला. जॉनकडून सनद तलवारीच्या धाकाने घेतली गेली होती, म्हणून ती रद्द करता आली. हेन्रीने ती किंमत घेऊन दिली होती, म्हणून तिच्यावरून मागे फिरण्याचा आधार उरला नाही. कर आणि हक्क यांची ही देवघेव पुढे पार्लमेंटची रीतच बनली. १२६५ मध्ये बंडखोर सरदार सायमन द माँटफर्टने आणि १२९५ मध्ये पहिल्या एडवर्डने सरदार व धर्मगुरू यांच्यासह परगण्यांचे आणि शहरांचे प्रतिनिधी बोलावले, त्यामागे तत्त्वज्ञान कमी आणि सत्ता टिकवण्याची किंवा युद्धखर्चाची निकड अधिक होती.

१३४८ च्या प्लेगने देशाची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या नष्ट केली. मजूर दुर्मीळ झाले, मजुरी वाढली, आणि ती कायद्याने जुन्या दरावर बांधून ठेवण्याचा १३५१ चा प्रयत्न भूदासांची जुनी बंधने फार काळ टिकवू शकला नाही. पंधरा वर्षांवरील प्रत्येक माणसामागे सरासरी एक शिलिंग या दराने लादलेल्या डोईपट्टीमुळे १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला. स्मिथफील्ड येथे चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डसमोर त्यांचा नेता वॉट टायलर मारला गेला आणि राजाने दिलेली वचने परत घेतली गेली. उठाव चिरडला गेला, तरी त्या प्रकारची डोईपट्टी लादण्याचे धाडस पुढे फार काळ कोणी केले नाही, ही बाब मला उठावाच्या अपयशाइतकीच महत्त्वाची वाटते.

आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले हे वळण धर्माच्या इतिहासातील म्हणून शिकवले जाते. १५३३ च्या कायद्याने रोमकडे अपील करणे बंद झाले आणि १५३४ मध्ये राजा चर्चचा प्रमुख झाला. त्यानंतर १५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे आठशे मठ बंद करण्यात आले. आधी वार्षिक उत्पन्न २०० पौंडांहून कमी असलेले लहान मठ आणि नंतर मोठे. त्यांची जमीन, शिसे, घंटा, चांदीची भांडी असे सगळे राजाच्या हाती आले, आणि या मिळकतीचा हिशेब ठेवण्यासाठी स्वतंत्र कचेरी उघडावी लागली. ही जमीन राजघराण्याने राखून ठेवली असती, तर इंग्लंडच्या राजांना पार्लमेंटपुढे हात पसरण्याचे कारण पिढ्यान्‌पिढ्या पडले नसते. परंतु १५४० च्या दशकात फ्रान्स आणि स्कॉटलंड यांच्याशी लढण्यासाठी हेन्रीने तिचा मोठा भाग विकून टाकला. घेणारे कोण होते? परगण्यांतील मध्यम जमीनदार, वकील, व्यापारी, दरबारी. याच घराण्यांचे नातू आणि पणतू सतराव्या शतकात हाउस ऑफ कॉमन्स या पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहात बसून राजाला कर नाकारत होते. राजाने आपली स्वतंत्र ऐपत अशी विकली, आणि ज्यांना विकली त्यांनाच पुढे बळ आले. इतिहासाच्या एवढ्या वर्षांच्या अध्यापनात याहून मोठा अनपेक्षित परिणाम मला क्वचितच आढळला आहे.

१५८८ च्या स्पॅनिश आरमाराच्या पराभवाला मी वळण मानत नाही. तो प्रसंग मोठा आहे, परंतु स्पेनने त्यानंतरही आरमारे उभारली आणि युद्ध १६०४ पर्यंत चालले. राणी एलिझाबेथने मागे ठेवलेले कर्ज आणि पार्लमेंटशी चाललेली ओढाताण, हा त्या युद्धाचा अधिक टिकाऊ वारसा होता.

पहिल्या चार्ल्सच्या काळातील एक खटला जवळून पाहण्यासारखा आहे. १६२९ पासून हा राजा पार्लमेंट न बोलावता राज्य करत होता. युद्धकाळात बंदरांकडून जहाजे किंवा त्यांच्या खर्चाची रक्कम मागण्याचा राजाचा जुना अधिकार होता. चार्ल्सने ही आकारणी १६३४ मध्ये शांततेच्या काळात सुरू केली आणि पुढच्या वर्षी समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांनाही लागू केली. बकिंगहॅमशरमधील जॉन हॅम्डन या जमीनदाराने स्टोक मँडेव्हिल येथील जमिनीवर बसवलेले २० शिलिंग भरण्यास नकार दिला. त्याला ते सहज परवडणारे होते. वाद रकमेचा नव्हताच. संकट आले आहे की नाही हे राजा एकटाच ठरवणार असेल आणि संकट आले असे म्हटले की कर बसवता येत असेल, तर कोणाचीही मालमत्ता त्याची स्वतःची राहत नाही, असे त्याच्या वकिलांचे म्हणणे होते. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने आणि पाच हॅम्डनच्या बाजूने गेले. राजा जिंकला, परंतु पाच न्यायाधीश विरोधात गेल्याची बातमी गावोगाव पोहोचली आणि वसुली ढासळली. त्याच सुमारास स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादल्याने तिथे बंड झाले. सैन्यासाठी पैसा नाही, म्हणून १६४० मध्ये पार्लमेंट बोलावणे भाग पडले, आणि नोव्हेंबरात जमलेले ते पार्लमेंट मग राजाला आवरता आले नाही. १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि ३० जानेवारी १६४९ रोजी व्हाइटहॉल येथे बँक्वेटिंग हाउससमोर राजाचा शिरच्छेद झाला.

१६४९ हे वर्ष लोकांच्या मनात ठसते हे साहजिक आहे. परंतु अकरा वर्षांनी राजेशाही परत आली, आणि राजाविरुद्धच्या युद्धातला पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेल याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत त्याचे प्रजासत्ताक विरून गेले. टिकले ते वेगळेच. युद्ध लढण्यासाठी पार्लमेंटने १६४३ मध्ये मालावरील अबकारी कर सुरू केला होता. लोकांना तो इतका अप्रिय होता की त्यावरून दंगे झाले. तरीही राजा परत आल्यावर तो कायम राहिला, आणि १६६० मध्ये राजाचे जुने सरंजामी हक्क रद्द करून त्यांच्या मोबदल्यात त्याला अबकारीच्या उत्पन्नाचा हिस्सा देण्यात आला. ज्या करांवर पुढे साम्राज्य उभे राहिले, ते राजाविरुद्ध लढणाऱ्यांनी बसवलेले होते.

आता मी निवडलेल्या वळणाकडे येतो, आणि इथे थोडे सविस्तर लिहितो. दुसरा चार्ल्स लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरील सराफ-सावकारांकडून कर्जे घेत असे. हे सावकार सामान्य लोकांच्या ठेवी घेऊन त्यातूनच राजाला पैसा देत. जानेवारी १६७२ मध्ये, हॉलंडशी युद्धाची तयारी चालू असताना, राजाने आपल्या खजिन्यातून होणारी कर्जफेड थांबवली. दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम अडकली, नावाजलेल्या पेढ्या बुडाल्या आणि त्यांच्याकडे ठेवी ठेवलेली कुटुंबे उघड्यावर आली. राजावर दावा लावून वसुली होणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे राजाला कर्ज देणे म्हणजे एका माणसाच्या इच्छेवर आणि आयुष्यावर पैसा लावणे, हे प्रत्येक व्यापाऱ्याला कळून चुकले आणि इंग्लंडच्या राजाला कर्ज महाग पडू लागले.

१६८८ मध्ये दुसरा जेम्स हा कॅथलिक राजा आणि त्याचे मंत्री, चर्च, सरदार यांच्यातील तणाव टोकाला गेला. १० जूनला त्याला मुलगा झाल्याने कॅथलिक वारस निश्चित झाला, आणि सात मान्यवरांनी हॉलंडच्या विल्यम ऑफ ऑरेंजला पत्र पाठवून बोलावले. विल्यम ५ नोव्हेंबरला टॉरबे येथे मोठ्या आरमारासह उतरला आणि डिसेंबरमध्ये जेम्स फ्रान्सला पळाला. मराठी पुस्तकांत याला रक्तहीन राज्यक्रांती म्हणतात. इंग्लंडपुरते ते बव्हंशी खरे आहे. आयर्लंडमध्ये १६९० ची बॉइनची लढाई आणि १६९१ मधील लिमरिकचा वेढा, आणि स्कॉटलंडमध्ये १६९२ चे ग्लेन्कोचे हत्याकांड पाहिले की ते विशेषण तिथे वापरवत नाही. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर बसवणे आणि शांततेच्या काळात खडे सैन्य ठेवणे बेकायदा ठरले. सैन्याला शिस्त लावण्याचा अधिकारही थोड्याथोड्या मुदतीपुरताच मिळू लागला, आणि १६८९ पासून आजपर्यंत एकही वर्ष पार्लमेंट भरल्याशिवाय गेलेले नाही.

परंतु हक्कांचा कायदा हा अजून कागदच होता. त्याला बळ मिळाले ते युद्धामुळे. विल्यमने इंग्लंडला फ्रान्सच्या चौदाव्या लुईविरुद्धच्या लढ्यात ओढले होते. १६९० मध्ये बीची हेड येथे फ्रेंच आरमाराने इंग्रज आणि डच आरमाराला हरवले, आणि आरमार नव्याने उभारायचे तर पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आला. १६९४ मध्ये त्याचे उत्तर असे निघाले : कर्ज देणाऱ्यांची एक कंपनी स्थापन करावी, तिने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने द्यावेत, आणि व्याज व व्यवस्थापनखर्च मिळून वर्षाला लागणारे एक लाख पौंड जहाजांच्या वजनावरील आणि बिअरसारख्या पेयांवरील विशिष्ट करांतून पार्लमेंटने कायद्याने बांधून द्यावेत. ही कंपनी म्हणजे बँक ऑफ इंग्लंड. ज्या राज्याने बावीस वर्षांपूर्वी सावकारांना बुडवले होते, त्याच राज्यासाठी लंडनच्या लोकांनी संपूर्ण १२ लाख पौंड बारा दिवसांत भरले.

हे का घडले, यातच १६९४ चे सारे महत्त्व आहे. कर्ज आता राजाच्या नावावर नव्हते, राज्याच्या नावावर होते. ते फेडण्याची हमी ज्या पार्लमेंटने दिली होती, त्यात कर्ज देणाऱ्यांच्याच वर्गातील माणसे बसत होती, आणि स्वतःला बुडवणारा कायदा ते करणार नव्हते. राजा मेला किंवा बदलला तरी कर्जाचा रोखा कायम राहत असे, आणि रोखा बाजारात विकताही येत असे. त्यामुळे व्याजाचा दर उतरत गेला. अठराव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश सरकारला तीन-साडेतीन टक्क्यांनी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू लागले. याच शतकात फ्रान्सची लोकसंख्या ब्रिटनच्या दुपटीहून अधिक होती आणि जमीनही अधिक सुपीक होती, तरी त्याचा राजा सावकारांची देणी पुन्हापुन्हा बुडवत राहिला, त्यामुळे त्याला व्याज जास्त द्यावे लागले, आणि शेवटी दिवाळखोरीमुळेच १७८९ मध्ये त्याला प्रतिनिधिसभा बोलवावी लागली. १८१५ मध्ये नेपोलियनचे युद्ध संपले तेव्हा ब्रिटनचे कर्ज ८० कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट होते, आणि तरीही त्या देशाचे रोखे लोक विकत घेत होते.

मराठी वाचकाला या जागी आपला इतिहास आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि हा संबंध खरा आहे. थोरल्या बाजीरावांनी कर्जापायी होणारा जाच ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून मांडला आहे. पुण्याच्या सावकारांची पत मोठी होती आणि मराठी फौजा त्यांच्याच पैशावर चालत. परंतु ते कर्ज पेशव्याचे किंवा सरदाराचे असे, तारण म्हणून एखाद्या महालाचा वसूल लावून दिलेला असे, आणि मोहीम फसली किंवा गादीवरचा माणूस बदलला की सावकाराची रक्कम धोक्यात येई. उलट १८०३ मध्ये दख्खनेत उतरलेल्या इंग्रजी फौजांमागे ईस्ट इंडिया कंपनीची कर्ज उभारण्याची क्षमता होती, आणि कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलने या युद्धांसाठी कंपनीला कर्जात खोल बुडवले तरी सैनिकांचा पगार थकला नाही. असईच्या रणांगणावर मराठी तोफखान्याने जो मारा केला, त्याची आठवण इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने जन्मभर ठेवली. शौर्यात आपण उणे नव्हतो. पुढच्या महिन्याचा पगार कुठून येणार, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंकडे सारखे नव्हते.

पुढच्या काही वळणांवरून मी भरभर जातो. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले, त्यामागे पनामाजवळील डेरियन येथील वसाहतीत स्कॉटिश भांडवल बुडाल्याचे दुःख होते. इंग्लंडच्या कर्जाचा भार स्वीकारण्याच्या बदल्यात स्कॉटलंडला सुमारे ३ लाख ९८ हजार पौंड मिळाले, आणि त्यातून डेरियनच्या भागधारकांची भरपाई झाली. १७६३ पर्यंत कर्ज सुमारे १३ कोटी पौंडांवर गेले. त्याचा काही भार अमेरिकेतील वसाहतींवर टाकण्यासाठी १७६५ मध्ये मुद्रांककर लावला गेला, आणि हॅम्डनने चार्ल्सला दिलेले उत्तरच वसाहतींनी पार्लमेंटला दिले. औद्योगिक क्रांतीला एका वर्षात बसवता येत नाही, आणि बसवूही नये. एवढेच सांगतो की १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्सची निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरांत आढळली, आणि जगात असे पहिल्यांदाच घडत होते.

या शहरांना पार्लमेंटमध्ये जागा नव्हती. मँचेस्टरला एकही प्रतिनिधी नव्हता आणि ओल्ड सॅरम या ओसाड टेकडीला दोन होते. मताधिकार सुधारणेचे विधेयक मार्च १८३१ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या दुसऱ्या वाचनात ३०२ विरुद्ध ३०१ अशा एका मताने तगले. ऑक्टोबरात हाउस ऑफ लॉर्ड्स या सरदारांच्या सभागृहाने नव्याने मांडलेले विधेयक फेटाळले तेव्हा नॉटिंगहॅम, डर्बी आणि ब्रिस्टल येथे दंगली उसळल्या. मे १८३२ मध्ये लॉर्ड्सने पुन्हा अडवणूक केल्यावर पंतप्रधान ग्रे यांनी राजीनामा दिला आणि राजाने वेलिंग्टनला मंत्रिमंडळ बनवण्यास सांगितले. हा वेलिंग्टन म्हणजे असईचाच आर्थर वेलस्ली. त्या दिवसांत लंडनमध्ये फलक लागले : ड्यूकला थांबवायचे असेल तर बँकेतून सोने काढा. लोक खरोखरच नोटा देऊन सोने मागू लागले, बँक ऑफ इंग्लंडचा साठा घटू लागला, आणि आठवडाभरात वेलिंग्टनने माघार घेतली. १६९४ मध्ये श्रीमंत व्यापाऱ्यांना जी ताकद मिळाली होती, ती १८३२ मध्ये मध्यमवर्गाने वापरून दाखवली. त्या कायद्याने कष्टकरी माणसाला मत दिले नाही, बाईला तर नाहीच; त्यासाठी १८६७, १८८४, १९१८ आणि १९२८ उजाडावी लागली. परंतु मताधिकार बदलता येतो हे एकदा सिद्ध झाल्यावर तो बदलत राहिला.

कर्ज मिळवण्याच्या या सरकारी पतीचा वापर कोणासाठी झाला, हेही इथेच सांगितले पाहिजे. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करताना पार्लमेंटने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती गुलामांच्या मालकांना. ज्यांना गुलाम केले होते त्यांना एक पैसाही मिळाला नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ मध्ये फिटला. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या संपूर्ण काळात सरकारने दुष्काळनिवारणावर सत्तर-ऐंशी लाख पौंडांच्या आसपास खर्च केला, आणि त्यातलाही बराचसा कर्ज म्हणून दिलेला होता. जगातील सर्वांत स्वस्त कर्ज ज्या सरकारला मिळत होते, त्याने पैसा नाही म्हणून हात आखडला असे कोणी म्हणू शकत नाही. आयर्लंड १८०१ पासून त्याच राज्याचा भाग होता. तिथली माणसे त्याच पार्लमेंटची प्रजा होती. १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला, त्याची मुळे या हिशेबात आहेत, असे माझे ठाम मत आहे.

१९०९ हे वर्ष बहुतेक याद्यांत नसते आणि ते असायला हवे. सत्तरीपुढील गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून सुरू झाले होते, आणि युद्धनौकाही बांधायच्या होत्या. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी एप्रिलमध्ये मांडलेल्या अंदाजपत्रकात मोठ्या उत्पन्नांवर वाढीव कर आणि जमिनीच्या आपोआप वाढलेल्या किमतीवर २० टक्के कर सुचवला. नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने ते ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळले. अंदाजपत्रक फेटाळण्याची गोष्ट दोनशे वर्षांत घडली नव्हती. १९१० मध्ये दोनदा निवडणुका झाल्या. ऑगस्ट १९११ मध्ये लॉर्ड्सने १३१ विरुद्ध ११४ मतांनी स्वतःच्याच अधिकारांवर मर्यादा मान्य केली, कारण न मानल्यास राजा शेकडो नवे लॉर्ड नेमणार होता. तेव्हापासून आर्थिक विधेयक ते महिनाभरापलीकडे अडवू शकत नाहीत. जमीनदार वर्गाने सतराव्या शतकात राजाकडून मिळवलेली तिजोरीची किल्ली अशा रीतीने मतदारांच्या प्रतिनिधींकडे गेली. १९४५ मधील मजूर पक्षाचा ३९३ जागांचा विजय आणि ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्यसेवा ही या मार्गावरचीच पुढची पावले आहेत, म्हणून मी १९०९-११ ला वळण म्हणतो आणि १९४५ ला त्याची परिणती म्हणतो.

१९४५ चा दुसरा पैलू आपल्याकडे कमी सांगितला जातो. दोन महायुद्धांनी धनको ब्रिटन ऋणको झाला होता. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले, जे २००६ मध्ये फिटले. आणि ज्या भारतावर राज्य चालू होते, त्याचेच ब्रिटनकडे सुमारे १३० कोटी पौंड येणे झाले होते, कारण युद्धकाळात भारतातून घेतलेल्या मालाची आणि सेवांची किंमत लंडनमध्ये नुसती खात्यावर जमा होत गेली. तिची खरी किंमत बंगालच्या दुष्काळासह भारतीय माणसाने महागाईत मोजली. १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथील आंतरराष्ट्रीय चलनपरिषदेत भारतीय शिष्टमंडळाने या स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न मांडला. त्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, रायगड जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. जित देश जेत्याचा सावकार झाल्यावर साम्राज्य फार दिवस चालवता येत नाही.

त्याचे प्रत्यंतर १९५६ मध्ये आले. इजिप्तने जुलैत सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, आणि ऑक्टोबरअखेर ब्रिटन व फ्रान्सने इस्रायलशी गुप्त संगनमत करून हल्ला चढवला. लष्करी दृष्ट्या मोहीम पुढे सरकत होती. परंतु पौंडावर विक्रीचा दाब आला, डॉलरचा साठा घटू लागला, आणि युद्ध थांबेपर्यंत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून मदत मिळू देणार नाही असे अमेरिकेने कळवले. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री, सैन्य उतरून दोन दिवसही झाले नसताना, ब्रिटनने युद्धबंदी केली. जानेवारीत पंतप्रधान ईडन पायउतार झाले. २०१६ मधील ५१.९ टक्के मतांनी झालेला युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय मी या मालिकेत अजून धरत नाही, कारण त्याने राज्याच्या उत्पन्नाची आणि पतीची घडी कशी बदलली हे कळायला आणखी एखादी पिढी जावी लागेल. सुएझबाबत मात्र तशी वाट पाहावी लागत नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे मूल्य २.८० डॉलरवरून २.४० वर आणावे लागले, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पंतप्रधान विल्सन यांनी सिंगापूर, मलेशिया आणि इराणी आखातातील ब्रिटिश सैन्य १९७१ अखेर परत आणण्याची घोषणा पार्लमेंटमध्ये केली.